नियम क्रमांक ७ खोडा: जीपवाल्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
रॅलीची नियमावली ठरवणारे आपले ज्येष्ठ, आणि जुन्या जीप-जिप्सी सांभाळणारे सगळे दोस्त,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री जेवता जेवता फोनवर नियमावलीचा फोटो आला. पहिले सहा नियम वाचून मान डोलावली. पुढं-मागं हूक हवा, ओढायचा दोर ज्याचा त्यानं आणायचा, दारू घेतलेल्यानं स्टिअरिंगला हात लावायचा नाही. सगळं रास्त. सातव्यावर घास अडकला. 'गॅस किट बसवलेल्या वाहनांना प्रवेश नाही.' कारण काही दिलेलं नाही.

आपल्या मेळ्यात गॅसवर चालणाऱ्या गाड्या दोनच. एक माझी १९७४ची सीजे थ्री बी आणि दुसरी आपल्या धाकट्या दोस्ताची जिप्सी. तेव्हा नियम कुणाला बघून लिहिलाय हे कळायला पंचांग काढायची गरज नाही. तरी मला वाटतं, तो माझ्यासाठी लिहिलेला नाही. तो जिप्सीसाठी लिहिलाय. जिप्सीत मागच्या सीटखाली घरचा लाल सिलिंडर आडवा बांधलेला आहे हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याला चहा पिताना आपण सगळ्यांनी तो पाहिला. पाहिला आणि भजी मागवली. मीही मागवली. त्याला तोंडावर कुणी काही बोललं नाही, आणि आता एकाला बोलायला नको म्हणून सगळ्यांनाच दार लावलं.

म्हणून हे पत्र उघडं लिहितोय. जिप्सीवाल्या दोस्ताला मी आधी फोन केला, पत्रात तुझा विषय येणार म्हणून सांगितलं. 'लिही की काका, खरंच आहे ते,' म्हणाला.

आधी माझंच पाप सांगतो. १९९८ साली आमच्या घरच्या जीपलाही असाच लाल सिलिंडर होता. त्या काळी गाडीत एलपीजी वापरायला कायद्यानं मुभाच नव्हती, ती २००० साली मोटार वाहन कायदा दुरुस्त झाल्यावर मिळाली. पण मुभा नसताना किती मारुती व्हॅन स्वयंपाकघरातल्या गॅसवर शाळेची पोरं वाहत होत्या ते आपल्या वयाच्या माणसाला सांगायला नको. आबांच्या ओळखीचा एक फिटर कुठूनसं किट घेऊन आला आणि दुपारभरात बसवून मोकळा झाला. रेड्यूसरला, म्हणजे द्रव गॅसचा दाब उतरवून वायू करणाऱ्या भागाला, गरम पाण्याची लाइन जोडायची असते, तर त्यासाठीच्या दोन्ही नळ्या त्यानं तशाच मोकळ्या ठेवल्या. आबांनी विचारलं, तर म्हणाला, "पाणी कशाला मालक? आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय?"

बर्फ पडला. डिसेंबरात वैभववाडीकडचं लग्न उरकून रात्री करूळ घाट चढत होतो. आबा, चुलते, आत्या, मी आणि दोन पोती नारळ. निम्म्या घाटात इंजिन आचके द्यायला लागलं. आबांनी बॉनेट उघडलं, मी बॅटरी धरली. रेड्यूसर पांढराफटक! फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर साय धरते तशी त्याच्यावर साय धरलेली. गॅस द्रवाचा वायू होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, म्हणून तिथं इंजिनाचं गरम पाणी खेळवावं लागतं, हे मला खूप नंतर समजलं. त्या वेळी आबांनी एवढंच केलं की पुन्हा स्टार्टर मारला. फट् करून असा उलटा फटका आला की एअर क्लीनरचं झाकण उडून दरीत गेलं. मग वास. आत्यानं पदर नाकाला लावला, आणि चुलते कठड्यावर बसून शांतपणे बिडी शिलगावायच्या बेतात. आबांचा तो ओरडा मी जन्मात विसरणार नाही. सिलिंडरची तोटी मागच्या बाजूला, नारळाच्या पोत्यांखाली. पोती उपसून ती बंद करेपर्यंत किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण पोतं उचलताना माझे हात थरथरत होते ते आठवतं. अर्धा तास सगळे वाऱ्याच्या बाजूला उभे राहिलो, मग पेट्रोलवर हळूहळू वर आलो. दुसऱ्या दिवशी सिलिंडर स्वयंपाकघरात परत गेला. आई एवढंच म्हणाली, "चपात्या करायला आणलाय तो."

तर सिलिंडरवाल्यांना नावं ठेवायचा हक्क मला आहे, आणि तो वापरतो. घरचा सिलिंडर आणि गाडीची टाकी यांत फरक रंगाचा नाही. सिलिंडर उभा ठेवून वरून वायू घ्यायचा अशा हिशोबानं केलेला असतो. आडवा टाकला की तोटीतून द्रव येतो, आणि तो द्रव मोकळा झाला की सुमारे अडीचशे पट फुगतो. शेगडीचा रेग्युलेटर आणि रबरी नळी या कामाची नाहीत. गाडीच्या टाकीला मल्टीव्हॉल्व्ह असतो. टाकी ऐंशी टक्के भरली की तो आपोआप भरणं थांबवतो, कारण उन्हात गॅस फुगायला जागा लागते. पाइप तुटला आणि गॅस एकदम धावायला लागला तर तो वाट आवळतो. दाब फार वाढला तर सुटका व्हायला वेगळा व्हॉल्व्ह. वरून हवाबंद डबी, आणि डबीतून जाड नळी थेट गाडीच्या तळाबाहेर, म्हणजे कुठं झिरपलंच तर गॅस माणसांत न येता रस्त्यावर जावा. लाल सिलिंडरला यातलं काहीच नाही. त्यात घरगुती गॅस गाडीत जाळणं हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे, ते वेगळंच. गल्लीबोळात मोटर लावून सिलिंडरमधून रिक्षात गॅस भरणाऱ्यांकडं काय काय होतं ते आपण पेपरात वाचतोच.

एवढं म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, मग झालं की, नियम सात बरोबरच आहे. नाही. माझी गाडी बघा आणि मग बोला.

माझ्या सीजेत पाठीमागे दोन्ही चाकांच्या कमानींच्या मधे आडवी गोल टाकी आहे. पंचेचाळीस लिटरची, म्हणजे भरते छत्तीस. टाकीला विस्फोटक खात्याची मंजुरी आहे. ते खातं म्हणजे पेसो, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात. किटला चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र आहे. हे काम करणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी पुण्यात, व्हीआरडीई नगरला. सगळा कारभार महाराष्ट्रातच चालतो, आणि आपल्याच गाड्यांना त्याचा पत्ता नसतो. प्रमाणपत्र सरसकट सगळ्या गाड्यांना नसतं हेही लक्षात घ्या. कोणत्या इंजिनक्षमतेला ते किट चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. माझ्या २१९९ सीसीला बसणारं किट शोधण्यातच पावसाळा गेला. किट विकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी 'बसतंय की' म्हणून पिशवीत भरायला घेतलं आणि कागद मागितल्यावर पिशवी परत ठेवली. शेवटी अधिकृत बसवणाऱ्याकडून काम झालं, पासिंगला गाडी दाखवली, आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलपुढं एलपीजी चढलं, विमा कंपनीला कळवलं. पासिंगच्या साहेबांनी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "विकायची आहे का?" त्या कामाचे तीन हेलपाटे झाले, त्यातला एक नुसता साहेब रजेवर म्हणून.

आता दुसरी गोष्ट, जी नियमात लिहिली नाहीत पण चहाच्या टपरीवर बोलता. 'गॅस लावून जीप बाटवली.' बाटवली?

मंडळी, आपल्या मेळ्यातल्या पेट्रोलवर जन्मलेल्या जीप मोजा. बाराएक भरतील. स्वातंत्र्यानंतर माझगावात महिंद्रानं विलीजच्या जीप जोडायला घेतल्या, त्या वंशाच्या. त्या बाराजणींपैकी किती जणींच्या पोटात आज त्यांचं मूळ इंजिन आहे? माझ्या मोजणीनं तीन. बाकीच्यांत कुणात पेजो डिझेल, कुणात इंटरनॅशनल, कुणात मॅटॅडोरचं. पेट्रोल परवडेना म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकांत लोकांनी मूळची हरिकेन नावाची पेट्रोल इंजिनं काढून भंगारात घातली, विहिरीवर पंपाला लावली. त्यांना मी दोष देत नाही, पोट सगळ्यांना आहे. पण ज्याच्या जीपमधून मॅटॅडोरसारखी धडधड येते त्यानं माझ्या टाकीकडं बोट दाखवून अस्सलपणाच्या गप्पा माराव्यात, याला काय म्हणायचं?

हरिकेनवर माझा जीव आहे, ते जरा सांगू द्या. सीजे थ्री बीचं बॉनेट उंच का? आत हे इंजिन मावावं म्हणून. विलीजच्या जुन्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमधे बाजूला होते. हरिकेनमधे हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडात आले आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमधेच राहिले. त्यामुळं इंजिन उंचावलं आणि बॉनेट कपाळ चढवल्यासारखं वर गेलं. आपल्याकडं कुणाच्याही जीपचं ते उंच कपाळ बघा, ते पेट्रोल इंजिनाचं कपाळ आहे. त्याखाली डिझेल घातलं तरी कपाळ तसंच राहतं. माझ्या कपाळाखाली अजून हरिकेनच आहे, आणि ते आहे कारण मी गॅस लावला. नाहीतर बारा वर्षांपूर्वी आबा गेल्यावर मीही एक पेजो आणून ठेवलं होतं. ते अजून गोठ्यात ताडपत्रीखाली आहे, कुणाला हवं तर सांगा.

आणि कायद्याचंच म्हणाल तर जरा जपून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९मधे सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं. त्याच कलमात सूट दिली आहे ती दुसऱ्या इंधनावर चालवायला मंजूर किट बसवणाऱ्याला. म्हणजे कलमाच्या शब्दांत माझी जीप बसते. आपल्यातल्या डिझेलवाल्यांपैकी किती जणांच्या आरसीवर नवा इंजिन नंबर चढलाय, ते मी विचारत नाही. नियमावली लिहिणाऱ्यांनीही विचारलेलं नाही. नियम आठमधे ते घालायचं का?

इंधन बदलणं आपल्याकडं नवीनही नाही. आजोबा लढाईच्या काळातल्या कोळशावरच्या मोटारींच्या गोष्टी सांगायचे. पेट्रोल रेशनवर, म्हणून गाडीच्या पाठीला कोळशाची भट्टी, तिचा गॅस इंजिनात. सकाळी ड्रायव्हर आधी भट्टी पेटवायचा, मग प्रवासी गोळा करायचा. चढ आला की उतारूंनी उतरून चालायचं आणि वर जाऊन परत बसायचं. त्या गाड्यांना कुणी बाटग्या म्हटलं नाही. चालत होत्या म्हणून लोक बसत होते.

तिसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची, आणि यात मीच चोर मीच फिर्यादी आहे. आपल्या भागातला बहुतेक जण ऊस लावतो. माझाही तीन एकर आहे. तो कारखान्याला जातो, त्यातनं इथेनॉल होतं, ते पेट्रोलमधे मिसळतं. वीस टक्के मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३०चं होतं, ते २०२५वर आणलं आणि गाठलंही. शेतकरी म्हणून मला आनंद आहे. पण जीपवाला म्हणून विचाराल तर माझाच ऊस माझा कार्बोरेटर खातोय. इथेनॉल पाणी धरतं. आपल्या गाड्या महिनामहिना उभ्या राहतात, मग टाकीच्या तळाला गंज, आणि तो गंज बारीक जेटमधे. जुनं रबर फुगतं, पंपाचा डायफ्राम लोळागोळा होतो. गेल्या वर्षी मेळ्यातल्या चौघांनी पंप बदलले, कार्बोरेटर उघडले की आत चहाच्या गाळासारखा थर. मिस्त्री ते बोटावर घेऊन दाखवतो आणि म्हणतो, "ही बघा तुमची मळी." गॅसला ही भानगड नाही. मी पेट्रोलच्या टाकीत पाच लिटरपेक्षा जास्त ठेवतच नाही, आणि त्यातलंही थोडं आठवड्यातनं एकदा जाळतो. नाहीतर कार्बोरेटरची पॅकिंगं वाळून जातात.

आता तुम्हाला वाटेल हा गॅसचा एजंट झालाय. तसं नाही, तोटेही ऐका.

पैसे वाचवायला गॅस लावणार असाल तर लावू नका. माझी जीप पेट्रोलवर लिटरला साडेसात देते, गॅसवर पाच पूर्णांक आठ. एका लिटर गॅसमधे पेट्रोलएवढी ताकद नसते, त्याला इलाज नाही. वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरतो, त्याला चारशे लिटर पेट्रोल लागलं असतं, गॅस लागतो पाचशे सतरा लिटर. आमच्या पंपावर गॅसचा भाव पेट्रोलच्या साधारण साठ टक्के पडतो, म्हणजे वर्षाला वाचतात नव्वद लिटर पेट्रोलचे पैसे. किट, टाकी, मजुरी धरून छत्तीस हजार गेले. ते फिटायला चार वर्षं लागणार, आणि तोवर पंप टिकला पाहिजे. सीएनजीचा पसारा वाढतोय तसे एलपीजीचे पंप मागं पडत चालले आहेत. सीएनजी का लावत नाहीस म्हणून विचारता. तो दोनशे बारच्या दाबानं भरतात, त्याचा नळकांडा माझ्या जीपची मागची पाटीच दाबून टाकील. एलपीजी दहा बारच्या आतबाहेर, टाकी हलकी. पण घाट उतरून कोकणात गेलो की माझ्या वाटेवर गॅसचा पंप नाही. छत्तीस लिटरवर दोनशे किलोमीटर, पुढं पेट्रोल.

ताकदही कमी होते. कार्बोरेटरच्या तोंडावर गॅस हवेत मिसळणारा मिक्सर बसतो, तो थोडा श्वास अडवतो. पूर्वी आंबा घाटात जिथं टॉपवर ओढायची तिथं आता दुसऱ्यावर यावं लागतं, आणि आपल्याला गिअर तरी किती, तीन. गॅसचा ऑक्टेन चांगला असतो हे खरं, पण हरिकेनचं कॉम्प्रेशन सातच्याही खाली आहे, त्याला त्या ऑक्टेनचं काय कौतुक? स्पेशल गिअरमधे, म्हणजे चारही चाकांना जादा ओढ देणाऱ्या हळू गिअरमधे, चिखलात, हळू चालताना मात्र इंजिन गॅसवर इतकं मऊ चालतं की बोनेटवर ठेवलेला चहा सांडत नाही. उताराला, तिरकं झाल्यावर कार्बोरेटर भरून वाहणं, गुदमरणं हा प्रकार गॅसला नाहीच, कारण तिथं वाटीत पेट्रोल हिंदकळत नसतं. आपल्या खडकाळ ओढ्यात गेल्या वर्षी तिघं जण गुदमरून बंद पडले, तेव्हा दोर कुणाचा होता आठवा.

आणि व्हॉल्व्ह. हा धडा मला महागात पडला म्हणून सविस्तर सांगतो. गॅस कोरडा जळतो. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखं काम करायचं, ते १ फेब्रुवारी २०००पासून देशभर बंदच झालं. गॅसवर ती झीज आणखी वाढते. धूर सोडणारा व्हॉल्व्ह बैठकीत खचत जातो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. हरिकेनला ती सोळा थाऊ, म्हणजे इंचाचे सोळा हजारांश, लागते. पहिल्या वर्षी मी नुसता फिरत राहिलो. एके दिवशी सकाळी जीप इंजिनाचा एक सिलिंडर सोडून बोलायला लागली. बाजूचं टॅपेटचं कव्हर काढलं, फट मोजायची सोळाची पट्टी घातली, जाईना. बाराची घातली, जाईना. नवाची कशीबशी गेली, ती पण तीन सिलिंडरना. चौथ्याची फट संपलीच होती, व्हॉल्व्ह बंदच होत नव्हता, कडेला जळून पोपडा निघालेला. मग इंजिन उतरवलं, उद्यमनगरात कडक धातूच्या बैठका बसवून घेतल्या, व्हॉल्व्ह बदलले. त्यानंतर दर तीन हजारांला फट बघतो. आता वर्षात थाऊभर हलते, कधी तेवढीही नाही. प्लगची फट तीसवरनं पंचवीसवर आणली आणि डेल्को, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर, दोन-तीन अंश पुढं घेतला, कारण गॅस जरा सावकाश पेटतो आणि ठिणगी कमजोर असली तर उलटा फटका ठरलेला. डेल्कोतले पॉइंट काळे पडले की घासायचे, आळस करायचा नाही. घाटातलं ते उडालेलं झाकण मी विसरलेलो नाही.

रेड्यूसरचंही सांगून टाकतो. आपल्या जीपला हीटर नाही, त्यामुळं गरम पाण्याची लाइन आयती मिळत नाही. हेडमधला एक बंद प्लग उघडून तिथनं घेतली. पन्नास वर्षांचा प्लग, उघडायला सबंध सकाळ गेली. रेड्यूसर रेडिएटरमधल्या पाण्याच्या पातळीखालीच बसवायचा, वर बसवला तर त्यात हवा अडकते आणि परत बर्फ. माझा फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्यावर, खालच्या अंगाला आहे. हात लावला की गरम लागतो. दरवेळी सुरू केल्यावर पाच मिनिटांनी मी तिथं हात लावून बघतो. पोरं हसतात.

तरुण मंडळींना बघायला आवडेल असं एक आहे ते रॅलीत दाखवीन म्हणतो, तुम्ही येऊ दिलंत तर. डॅशबोर्डखाली तीन खटक्यांचं बटण आहे. खाली पेट्रोल, वर गॅस, मधे काहीच नाही. सकाळी पेट्रोलवर सुरू करायची. पाणी गरम झालं की बटण मधे आणायचं. आता इंजिन कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर चालतंय. रस्त्यावर असाल तर चालत राहायचं, कान उघडे ठेवून. अर्ध्या-पाऊण मिनिटानं आवाज पातळ होतो, जीप एक उचकी देते. त्या उचकीवर बटण वर. लवकर दाबलं तर दोन्ही इंधनं एकदम जाऊन गुदमरते, उशीर केला तर बंद पडते. बरोबर जमलं की बोनेटखालचा आवाज बदलतो, जरा खोल जातो. माझ्या नातवाला ती उचकी माझ्याआधी कळते.

आता मागणी. नियम सात खोडा आणि त्याच्या जागी हे घाला: गॅसवरच्या गाडीच्या आरसीवर एलपीजीची नोंद हवी, टाकी मंजूर हवी आणि तिच्या तपासणीची मुदत संपलेली नसावी, मल्टीव्हॉल्व्हवर हवाबंद डबी आणि तिची नळी तळाबाहेर काढलेली हवी, टाकी बोल्टनं चासीला धरलेली हवी, पाइप चासीच्या आतल्या अंगानं गेलेला हवा म्हणजे दगड लागणार नाही. निघायच्या आधी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघायचं. फुगा आला तर गाडी घरी. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून मुक्कामाला गॅसवाल्या गाड्या चुलीच्या वरच्या अंगाला लावायच्या नाहीत आणि खड्ड्यातही लावायच्या नाहीत. बादली, साबण, ब्रश मी आणतो. पहिली तपासणी माझ्या गाडीची करा, आणि ती मी सोडून दुसऱ्या कुणीतरी करा.

जिप्सीचं मी आणि तिच्या मालकानं ठरवलंय. सिलिंडर काढायचा. तेराशे सीसीला मंजूर किट मिळायला माझ्याएवढा त्रास होऊ नये. तोवर ती पेट्रोलवर येईल. तिचा पंप मी बघून देतो, डायफ्राम आधीच आणून ठेवलाय.

येत्या रविवारी सकाळी आमच्या वस्तीवर माझी टॅपेटं सेट करायची आहेत. इंजिन गार हवं, म्हणून साडेसातच्या आत या. फीलर गेजचा संच कुणाकडं असेल तर आणा, माझ्यातली सोळाची पट्टी नातवानं सायकलच्या चाकाला लावून टाकलीय.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
सीजेवाला